पापडाच्या डब्यातली मोटार

फेब्रुवारी २००१, महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळची वेळ. हिंगोलीत एका वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बावीस हजार रुपये रोख मोजून मी ती मोटार घेतली. हजर चौघं. मोटारीचे मालक, वय ऐंशीच्या पुढं. त्यांचा पुतण्या. मी. आणि माझी बायको. बायको हजर होती पण संमत नव्हती, हेही इथंच लिहून ठेवतो.

मोटार विलायती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. टप कापडाचा होता म्हणे. मी घेतली तेव्हा टपाच्या जागी मागं लोखंडी पट्ट्यांची एक घडी तेवढी उरली होती, वाळत घातलेल्या खाटेसारखी. दारं दोन, आणि दोन्ही सुतळीनं बांधायची. समोर कागदपत्रं ठेवायचा कप्पा होता, त्याला झाकण नव्हतं.

"झाकण कुठं गेलं?" मी विचारलं.

"होतं," मालक म्हणाले. "एकाहत्तर सालापर्यंत होतं."

घेतली कशाला, या प्रश्नाचं उत्तर मी बायकोला अजून दिलेलं नाही, म्हणून इथंही देत नाही.

मोटार मी त्याच दिवशी चालवत कळमनुरीला आणली. कागद मात्र लगेच मिळाले नाहीत. गाडी गेली तरी कागद हातचे सोडायला म्हाताऱ्यांचं मन होईना. आज या, उद्या या, असं करत अखेर अक्षय तृतीयेला त्यांनी आरसी बुक माझ्या हातात ठेवलं आणि गाडी नावावर करायच्या दोन्ही फॉर्मांवर सह्या केल्या. सुरेख, वळणदार सह्या. त्यानंतर आठच दिवसांनी त्यांच्या उजव्या हातावरून वारं गेलं. जीव वाचला, पण हात उठेना. म्हणजे त्या दोन सह्या जगातल्या शेवटच्या होत्या. अंगठा घेता आला असता, पण तो अंगठा आता पुतण्याच्या ताब्यात होता.

पुतण्याचं म्हणणं असं की काकांनी गाडी फुंकून टाकली. नांदेडच्या कुणा हॉटेलवाल्यानं दारात उभी करायला म्हणून तिला दुप्पट पैसे देऊ केले होते, हे त्याला उशिरा कळलं. तेव्हापासून कळमनुरीत आला की तो माझ्या दुकानासमोर मोटारसायकल थांबवायचा.

"झाली का हो गाडी नावावर?"

"मेच्या कॅम्पला होईल."

"अन् न्हाई झाली तर?"

"होईल."

"नाही, मी आपलं विचारलं," असं म्हणून तो किक मारायचा.

आरटीओचे लोक महिन्यातून एकदा विश्रामगृहावर येऊन बसत, त्याला कॅम्प म्हणत. मेचा कॅम्प एका गुरुवारी होता. तोवर ते कागद सांभाळायचे, एवढंच माझं काम. कागद गेले तर मोटार म्हाताऱ्यांच्या नावावर राहणार, म्हणजे पुढंमागं पुतण्याची होणार, आणि माझ्याकडं बावीस हजारांची नुसती आठवण उरणार.

आता उघड्या मोटारीत कागद ठेवायचे कुठं? कायदा सांगतो, कागद गाडीत पाहिजेत, अस्सल पाहिजेत. बायको म्हणाली, "झेरॉक्स ठेवा की."

"झेरॉक्स म्हणजे कागदाचा फोटो. आपण कुणाच्या लग्नाला फोटो पाठवतो का?"

"मग त्या कप्प्याला एक झाकण अन् कडी बसवा. साऱ्या गावाला कड्या विकता."

हे खरं होतं. हार्डवेअरचं दुकान माझं. अठरा प्रकारच्या कड्या आणि कुलपं दुकानात टांगलेली. पण पन्नास वर्षांच्या मोटारीच्या डॅशबोर्डला ड्रिल मारून भोक पाडायचं माझ्या हातून होईना. पाहुण्याच्या कानाला भोक पाडल्यासारखं वाटायचं.

तेव्हा मी इतर उपाय करून पाहिले. मार्चमध्ये, हातात नुसती विम्याची पावती होती तेव्हा, ती बिनझाकणाच्या कप्प्यात ठेवून टायर बघायला वाशिमला निघालो. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं ती उडाली आणि एका शेतात शिजवून वाळत घातलेल्या हळदीवर जाऊन बसली. मी पावती उचलायला गेलो तेव्हा शेतमालक म्हणाला, "राहू द्या की, रंग चढून राहिला." तेव्हापासून विमा पिवळा झाला. पुढं कागद सीटखाली ठेवले, तर गाडी धुताना पाणी आधी तिथंच जायचं. शर्टाच्या आत बनियनला लावून ठेवले, तर मे महिना आला. म्हाताऱ्यांनी केलेली ती सुरेख सही माझ्या घामानं फुटायला लागली तेव्हा मी घाबरलो.

मग मला ती कल्पना सुचली. आजही मला ती वाईट वाटत नाही.

बायकोच्या माहेरहून रुखवतात आलेला एक स्टीलचा डबा आमच्याकडं होता. रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा, वर कडी असलेला. त्यात फॉर्म एकदाच दुमडून बसत. मी सगळे कागद एका चिमट्यात लावून तळाशी ठेवले, त्यावर प्लास्टिक घातलं आणि प्लास्टिकवर उडदाचे अकरा पापड पसरले. पापड घरातलेच, पण मोडके आणि मागच्या सालचे, म्हणजे कुणाच्या हिशेबात येणार नाहीत असे. डब्याच्या पोटावर बायकोचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं. त्यावर दुकानातलं लेबल चिकटवलं आणि जाड पेननं लिहिलं: पापड. आणि डबा मागच्या सीटवर उघड्यावर ठेवून दिला. जो लपवलेला नाही तो कुणी उघडत नाही, असा माझा हिशेब. उघडलाच, तर पापड दिसतील. पापडाखाली आणखी काही असेल असं जगात कुणाच्या मनात येईल?

बायकोला मी सांगितलं नाही. डबा तिचा होता.

तिनं डब्याचा शोध दुसऱ्याच दिवशी सुरू केला. फळ्या झाल्या, माळा झाला. मग तिला आठवलं की शेजारणीनं महाशिवरात्रीला साबुदाणा न्यायला कसलासा डबा मागितला होता. शेजारीण म्हणाली, तो मी परत केला. बायको म्हणाली, असेल. त्यानंतर दोन्ही घरांमधल्या भिंतीवरून होणारी भाजी-चटणीची देवघेव बंद पडली. मी मधे पडलो नाही. बायकांच्या भांडणात पुरुषांनी पडू नये, असं मी त्या आठवड्यात दोनदा म्हणालो.

शेजारी पोस्टात नोकरीला. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न कॅम्पच्या आधीच्या रविवारी होतं. मुलाकडचे वारंगा फाट्यापलीकडच्या एका गावचे. शेजाऱ्यांनी नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मिरवत आणायला मोटार मागितली. मी आनंदानं दिली. भाडं घेतलं नाही. खासगी गाडीचं भाडं घेणं बेकायदा आहे. शिवाय भिंतीवरची देवघेव सुरू झाली तर बरं, असंही मनात होतं.

मिरवणूक झक्क झाली. मी स्वतः चालवत होतो. नवरदेव मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसला होता आणि पायाशी माझा डबा होता. एक करवली वाकून म्हणाली, "दाजी, भूक लागली तर पापड आहेत बरं का." मी आरशातून डब्याकडं बघून खूश होत होतो. डबा फसवत होता. मांडवाशी गाडी लावली आणि मी पंगतीला वाढायला गेलो.

त्यानंतर काय झालं ते मला दोन दिवसांनी कळलं. पाठवणीची वेळ झाली तेव्हा रुखवत टेम्पोत भरायचं होतं. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडकला होता आणि मधे माझी मोटार उभी होती, बिनटपाची, बिनकडीची, सामान टाकायला अगदी सोयीची. बायकांनी रुखवत टेबलावरून उचलून आधी मोटारीत रचलं. टेम्पो आत आला तेव्हा मोटारीत जे जे होतं ते ते टेम्पोत चढवलं. कळश्या, घंगाळ, शेवयांचे डबे, कुरडयांची परात. माझा पापडाचा डबा. आणि चाकात हवा भरायचा माझा पायपंपसुद्धा.

सोमवारी सकाळी मी मागची सीट पाहिली तर डबा नव्हता, पंपही नव्हता. तक्रार करावी तर काय सांगायचं, पापडाचा डबा चोरीला गेला? घरी सांगावं तर डब्याचं काय सांगायचं? मी दोन दिवस गल्लीतली गटारं बघत फिरलो. बायकोनं विचारलं, "काय शोधताय?" मी म्हणालो, "पंप."

मंगळवारी संध्याकाळी शेजारी आणि शेजारीण दोघं आमच्या घरी आले. महिन्याभरात पहिल्यांदाच. शेजारणीचे डोळे सुजलेले होते. शेजारी ओट्यावर बसले आणि पाणी न पिता बोलायला लागले.

"शेठ, इज्जत गेली आमची."

पोरीच्या सासरचं एक माणूस बाजाराला आलं होतं. त्याच्या हाती विहीणबाईंनी निरोप धाडला होता. निरोप असा, की रुखवतातला पापडाचा डबा उघडला तर वर अकरा पापड, तेही मागच्या सालचे, मोडके, आणि खाली सगळी रद्दी. डबा भरलेला दिसावा म्हणून रद्दी भरली. एवढी तंगी होती तर सांगायचं होतं, आम्ही पापड मागितले नव्हते. उद्या बुधवारी मांडवपरतणीला पोरीला घेऊन येऊ तेव्हा डबा चार माणसांत उघडू.

"आमी पापड दिलेच न्हाईत," शेजारीण म्हणाली. "कुरडया दिल्या, शेवया दिल्या, सांडगे दिले. पापड मागून लाटून पाठवणार होतो. तिकडं लेकरू दोन दिवसांपासून टोमणे खाऊन राहिलं."

माझ्या बायकोचं मन लगेच विरघळलं. तिनं शेजारणीचा हात धरला. "कुणी केलं असेल असं हलकट काम? मुद्दाम केलंय कुणीतरी. लग्नात विघ्न आणणारे असतातच."

"तेच म्हणतो मी," शेजारी म्हणाले. "दावा साधला कुणीतरी."

मी दिव्याकडं बघत होतो.

"अन् डबाबी नवा न्हाई म्हणे," शेजारीण पुढं म्हणाली. "विहीणबाईनं घासायला घातला, तर वरचा कागद निघाला अन् खाली दुसऱ्याच बाईचं नाव. म्हणजे कुणाचा तरी जुना डबा आमच्या पोरीच्या माथी मारला."

"कुणाचं नाव?" बायकोनं विचारलं.

शेजारणीनं नाव सांगितलं. पुढं नवऱ्याचं, म्हणजे माझं, नाव होतं. ते तिनं अर्ध्यावर सोडलं, कारण तोवर तिलाही कळलं होतं.

बायकोनं शेजारणीचा हात सोडला नाही. नुसती मान वळवून माझ्याकडं बघितलं. शेजाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "कागद आहेत का तिथं? फेकले तर नाहीत ना?"

पुढची दहा मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत. शेवटी एवढं ठरलं की विहीणबाई इकडं यायच्या आत सकाळी आपणच तिकडं जायचं. मी, बायको आणि शेजारी. गाडीनं.

"कागद नसताना?" मी म्हणालो.

"न्हाई तर चालत चला," बायको म्हणाली.

बुधवारी सकाळी सातला निघालो. आरसी बुक हातात आल्यापासून मी बिनकागदाची गाडी चालवली ती तेवढीच, वीसेक किलोमीटर. आणि त्या महिन्यात ज्या रस्त्यावर मला एकदाही कुणी हटकलं नव्हतं, त्याच रस्त्यावर वारंगा फाट्यावर हवालदारानं हात दाखवला.

"कागद?"

मी तोंड उघडायच्या आत बायको मागून म्हणाली, "रुखवतात गेलेत."

हवालदारानं टोपी काढून डोकं पुसलं. "कुणाच्या?"

तिनं सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा नीट सांगितलं आणि माझ्याबद्दल जास्त सांगितलं. चहाच्या टपरीवरचे दोघंतिघं जवळ येऊन उभे राहिले. हवालदार मधेच एकदा मला म्हणाला, "अकराच काहून? बारा तरी ठेवायचे." मग म्हणाला, "असं करा. जाऊन या. पण येताना कागद दाखवल्याशिवाय पुढं जायचं न्हाई."

"मी बसतो ना इथं हमी म्हणून," शेजारी एकदम म्हणाले आणि गाडीतून उतरलेसुद्धा. विहीणबाईंसमोर जायचा प्रसंग टळतोय हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा रंग आला. हवालदारानं त्यांची हमी मागितलीच नव्हती. ते टपरीच्या बाकड्यावर बसून चहा सांगायला लागले आणि आम्ही दोघंच पुढं गेलो.

विहीणबाई अंगणात बसल्या होत्या. पन्नाशीची, सडपातळ बाई, नजर तराजूच्या काट्यासारखी. अंगणाच्या कडेला नवरदेवाचा धाकटा भाऊ सायकलच्या चाकात हवा भरत होता. पंप माझा होता. मी बघितलं, त्यानंही बघितलं.

मी सगळी हकीकत सांगितली. कायदा सांगितला, बिनझाकणाचा कप्पा सांगितला. विहीणबाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, गाडीचे कागद पापडाखाली काहून ठेवले?"

"चोराला कळू नये म्हणून."

"चोराला पापड चालत न्हाईत व्हय?"

मी पुन्हा पंपाकडं बघितलं.

"तुमी व्याह्यांचे शेजारी," त्या पुढं म्हणाल्या. "त्यांची लाज राखायला आलात, चांगलं केलं. पण असं कुणी करत असतं का? दुसरं काहीतरी सांगा, मी मानीन."

"खरंच गाडीचे कागद आहेत हो ते. नंबर जुळवून बघा."

त्यांनी सुनेला हाक मारली. नवी नवरी हातात आरसी बुक घेऊन आली. पुराव्यासाठी म्हणून सासूबाईंनी ते नीट देव्हाऱ्यात ठेवलं होतं. तिनं मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती कळेना. तिनं पुस्तकातला नंबर एकेक आकडा करून वाचायचा आणि दिरानं गाडीच्या पाटीवरचा आकडा ओरडून सांगायचा, असं ठरलं. आजूबाजूच्या घरांतली माणसं गोळा झाली. प्रत्येक आकडा जुळला की कुणीतरी "बराबर" म्हणायचं. शेवटचा आकडा चिखलाखाली होता, तो दिरानं थुंकी लावून पुसला. बराबर.

"नंबर जुळला," विहीणबाई म्हणाल्या. "आता डबा. ह्या डब्यावर ज्या बाईचं नाव हाय ती तुमीच कशावरून? नाव घ्या."

गर्दीतल्या बायका पुढं सरकल्या. नुसतं नाव सांगून सुटका नव्हती, उखाण्यातच घ्यायला हवं होतं. बायकोनं पदर सावरला. तिला विचार करावा लागला नाही. मला वाटतं मंगळवारच्या रात्रीपासून उखाणा तिच्या डोक्यात तयार असावा.

"मोटारीला नाही टप, दाराला नाही कडी,
…रावांनी घातली पापडाखाली कागदांची घडी."

अंगण हसलं. विहीणबाई आधी हसल्या नाहीत, ओठ दाबून बसल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्यांनी सुनेच्या पाठीवर थाप मारली. "जा गं, चहा ठेव पाहुण्यांना. तुझ्या बापानं रद्दी न्हाई दिली, मोटार दिली रुखवतात." पोरीनं पहिल्यांदा मान वर केली. तिचं काम तिथं झालं.

माझं झालं नव्हतं. देव्हाऱ्यातून आरसी बुक आलं, टॅक्सची पावती आली, पिवळा विमा आला. फॉर्म नव्हते.

"दोन मोठे कागद होते," मी म्हणालो. "छापील. खाली सही असलेले."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. नवरीनं हळूच सासूकडं बघितलं. विहीणबाई म्हणाल्या, "ते व्हय? एक बाजू कोरी होती त्यांची. चांगले होते."

"होते म्हणजे?"

स्वयंपाकघरात रुखवताचे डबे नव्या फळीवर मांडले होते आणि फळीवर कागद अंथरले होते. कोरी बाजू वर. मी चपला काढून आत गेलो. एका कागदावर तिखटाचा डबा होता, दुसऱ्यावर गोडेतेलाची बरणी. बरणी उचलली तेव्हा खाली तेलाचं एक पूर्ण गोल वर्तुळ उमटलेलं होतं. कागद उलटा केला. वर्तुळ पलीकडं उतरलं होतं आणि बरोबर त्याच्या मधोमध म्हाताऱ्यांची सही होती, एक टोकसुद्धा न पसरलेली. दुसऱ्या फॉर्मच्या सहीला तिखटाचा नुसता लाल कोपरा लागला होता. मी तिथंच पाटावर बसलो. विहीणबाईंना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणवलं.

निघताना मी डब्याकडं हात केला. त्यांनी तो ओढून घेतला.

"कागद तुमचे, घेऊन जा. डबा रुखवतात आलाय. रुखवतात आलेली वस्तू परत जात न्हाई."

"पण नाव माझ्या बायकोचं आहे."

"राहू द्या. ज्याला विचारायचं त्याला मी सांगीन, हा डबा कुणाचा अन् त्यात काय होतं." मग बायकोकडं वळून म्हणाल्या, "बाई, मात्र मोकळा डबा फळीवर बरा दिसत न्हाई."

"भरून देते," बायको म्हणाली. "ताजे. उडदाचे."

"अन् परतणीला पोरीला टेम्पोत न्यायची न्हाई. ही मोटार हाय तर मोटारीतूनच जाऊ. मी पुढं बसते."

त्या खरंच पुढं बसल्या. मागं नवरा-नवरी आणि माझी बायको. पायपंपाचं नाव कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही. वारंगा फाट्यावर हवालदारानं कागद मागितले आणि मी पहिल्यांदाच अभिमानानं काढून दिले. त्यानं फॉर्म नाकाशी नेला. "गोडेतेल?" म्हणाला. बाकड्यावरून शेजारी उठले, विहीणबाईंना पुढच्या सीटवर बघून पुन्हा बसले. त्यांना हाताला धरून गाडीत घ्यावं लागलं. तेवढ्या वेळात त्यांनी पाच चहा घेतले होते, त्याचे पैसे त्यांनीच दिले.

गुरुवारी कॅम्पला माझा नंबर दुपारी लागला. साहेबांनी फॉर्म उजेडात धरला. "हे सहीभोवती गोल काय आहे?"

"बरणी होती, साहेब."

"कसली?"

"विहीणबाईंची."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मागं लांबलेल्या रांगेकडं बघितलं आणि शिक्का मारला. मी फी भरली, पावती घेतली. पावतीवर माझं नाव बरोबर आहे हे तिथंच दोनदा वाचून पाहिलं. पुढच्या आठवड्यात पुतण्यानं दुकानासमोर मोटारसायकल थांबवली.

"झाली का हो नावावर?"

"झाली."

त्यानं जरा वेळ मोटारीकडं बघितलं. मागच्या सीटवर नवा डबा होता. "त्यात काय आहे?"

"वाचा की," मी म्हणालो.

त्या डब्याचा हिशेब तेवढा सांगायचा राहिला. पापड आमच्या ओट्यावर बायको आणि शेजारीण यांनी मिळून लाटले, दोन दुपारी, आणि मी उन्हात बसून ते राखले. जुना डबा भरून विहीणबाईंकडं गेला. मग बायको मला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेली. नवा डबा तिनं पसंत केला. दुकानदार मशीन काढून म्हणाला, "नाव काय टाकायचं?" मला वाटलं ती स्वतःचं सांगेल. तिनं सांगितलं ते त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि मग कोरलं: यात पापड नाहीत.

आठ अक्षरं, अक्षरामागं रुपया. डब्याचे पैसे तिनं दिले. कोरणावळीचे आठ रुपये मी, भांडेवाल्याला, रोख.